दहाच्या नोटेचा नंबर

एकवीस वर्षं मी एका रस्ते कंत्राटदाराकडे हिशेब लिहिले. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, बाजारपेठेमागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली सिमेंटचं गोदाम. सुरुवातीला कीर्द-खतावणी हातानं, पुढे टॅली. नोकरी सोडून आता पाच वर्षं झाली. मालकांचं, त्यांच्या कंपनीचं, साहेबांचं, कुणाचंच नाव इथे लिहिणार नाही. मी स्वतः काय केलं ते मात्र लिहिणार आहे, कारण ते मनातून जात नाही.

2009 सालच्या सप्टेंबरमधली गोष्ट. विधानसभेच्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं. आमचं एका रस्त्याचं काम नुकतंच पूर्ण झालं होतं आणि 62 लाखांचं बिल विभागीय कार्यालयात अडकून पडलं होतं. सगळ्या सह्या झालेल्या, एकच बाकी. आणि रस्ता होता माझ्या माहेरचा. फाट्यापासून गावापर्यंत सहा किलोमीटर.

तेव्हा अण्णा आले. अण्णांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. ते कुठल्या पक्षात नव्हते, कधी साध्या सोसायटीलाही उभे राहिले नाहीत. पण कार्यकारी अभियंत्याची बदली कधी होणार, कुणाच्या मुलीचं लग्न कधी आहे, कुठल्या कामाचं टेंडर किती टक्के ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा खाली, जाणार, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. जिन्यातूनच हाक आली, “ताई, मालकांना म्हणावं, पितृपंधरवडा संपला की निवांत बसू.”

घटस्थापना झाली आणि ते निवांत बसले. मी बाजूच्याच टेबलावर होते. अण्णांनी चहा अर्धा प्यायला आणि म्हणाले, “साहेबांनी सगळ्यांना वाटून दिलंय. तुमच्याकडं पंधरा.”

साहेब म्हणजे आमच्या भागातले विधानसभेचे उमेदवार आणि पंधरा म्हणजे पंधरा लाख. त्या वर्षी महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं खर्चाची मर्यादा होती 10 लाख. म्हणजे सबंध निवडणुकीत उमेदवारानं जेवढं खर्चायचं, त्याच्या दीडपट आमच्या एकट्या ऑफिसातून जाणार होतं. आणि अण्णांच्या यादीत आमच्यासारखी किती ऑफिसं होती देव जाणे.

मालक चांगले माणूस होते. मजुरांचा शनिवारचा पगार त्यांनी कधी चुकवला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “आणि बिल?” अण्णा म्हणाले, “आचारसंहिता उठली की पहिल्या आठवड्यात.” बास. एवढंच बोलणं. लाच हा शब्द कुणी उच्चारला नाही, वर्गणीही नाही. आमच्याकडे त्याला ‘निवडणुकीचं’ म्हणतात. “निवडणुकीचं दिलं का?”

बँकेतून एकदम पंधरा लाख काढले असते तर ते वहीत दिसले असते. म्हणून ते पैसे तयार करावे लागले, आणि ते तयार करणं हे माझं काम होतं. हजेरीपटावर चाळीस मजूर लावले, प्रत्यक्षात कामावर अठरा-वीस. उरलेल्यांचे अंगठे गोदामातल्या हमालाचे आणि ऑफिसच्या शिपायाचे. दोन्ही हातांच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, एकच ठसा सारखा दिसू नये म्हणून. मुरमाच्या खेपा वाढवल्या. एका ओळखीच्या पोटकंत्राटदाराला चेक दिला, त्यानं आपले अडीच टक्के कापून उरलेले रोख आणून दिले. प्रत्येक व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टॅम्प मी चिकटवला, कधी निळी शाई, कधी काळी. लेखापरीक्षकाला एक व्हाउचर खटकलं नाही. त्याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता, हे लिहिताना हात जड होतो.

पैसे जमले. ते साहेबांच्या घरी न्यायचे नव्हते, अण्णांनाही हातात घ्यायचे नव्हते. अण्णांनी खिशातून दहाची एक जुनी नोट काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “ताई, नंबर उतरवून घ्या.” मी उतरवला. शेवटचे तीन आकडे 407 होते. नोट त्यांनी परत खिशात घातली. आमचा ड्रायव्हर सोलापूरला एका पेढीवर पैसे ठेवणार आणि तो नंबर सांगणार. ती नोट घेऊन जो माणूस पेढीवर जाईल, त्याच्या हातात रक्कम पडणार. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, घेणाऱ्यानं देणाऱ्याचं बघायचं नाही.

मी हिशेबाची बाई. सवयीनं विचारलं, “आणि पावती?”

“हीच पावती,” अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, अगदी समजावून सांगावं तसं म्हणाले, “ताई, तुमच्या मालकांनी दिले हे साहेबांना कळलंच पाहिजे, त्यासाठी मी आहे. आणि दुसऱ्या कुणाला कळायला नको, त्यासाठीपण मीच.”

मतदान 13 ऑक्टोबरला झालं. 17 तारखेला लक्ष्मीपूजन होतं. दरवर्षीप्रमाणे मी नव्या वहीवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हळदकुंकू वाहिलं. जुन्या कीर्दीत तो 407 चा कागद होता, एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलेला. तो तिथेच राहू दिला. 22 ला निकाल लागला, साहेब निवडून आले, आणि नोव्हेंबरमध्ये आमचं बिल निघालं. अण्णांनी शब्द पाळला. ते नेहमीच पाळायचे. म्हणून तर लोक त्यांना मानत.

पुढच्या पावसाळ्यानंतर माझे वडील ऑफिसात आले. वडील प्राथमिक शिक्षक होते, तेव्हा निवृत्त. ऑफिसात ते कधी यायचे नाहीत. पिशवीतून त्यांनी डांबराचा एक तुकडा काढला, तळहाताएवढा, आणि माझ्या वहीवर ठेवला. मग शाळेतली त्यांची लाकडी फूटपट्टी काढली.

“किती मिलिमीटरचं बिल लावलंस गं?”

मी म्हटलं, “वीस.”

त्यांनी पट्टी उभी धरली. अकरा. काडेपेटीपेक्षाही पातळ. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. पाणी प्यायले आणि एसटीला निघून गेले.

ते गेल्यावर मी कॅल्क्युलेटर ओढला. सहा किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद, म्हणजे 22,500 चौरस मीटर. प्रत्येक ठिकाणी नऊ मिलिमीटर कमी. दोनशे घनमीटरच्या वर माल होतो, सत्तर ब्रासहून जास्त. एवढा डांबर-खडीचा माल माझ्या माहेरच्या रस्त्यावर कधी पडलाच नव्हता आणि त्याचं बिल मात्र मी लावलं होतं. पंधरा लाख कुठून निघाले ते मला आकड्यांत आधीच ठाऊक होतं. टेबलावर तो तुकडा आल्यावर ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. तुकडा अजून माझ्या कपाटात आहे, वडिलांची पट्टीही.

2014 च्या विधानसभेला मालकांनी मला महिनाभर उमेदवाराच्या ऑफिसात पाठवलं. “ताईंचा हात स्वच्छ आहे, खर्चाचं रजिस्टर त्याच लिहितील.” निवडणूक आयोगाच्या त्या रजिस्टरमध्ये तीन रंगांची पानं असतात. रोजच्या खर्चाची पांढरी, रोख रकमेची गुलाबी, बँकेची पिवळी. जिल्हा निवडणूक कार्यालयानं दरपत्रक दिलेलं असतं : खुर्ची इतकी, मंडप चौरस फुटाला इतका, चहा इतका, वडापाव इतका. मी ते सगळं चोख लिहिलं. निरीक्षकांनी आपली छाया नोंदवही लावून ताडून पाहिलं, किरकोळ फरक निघाले, ते मिटले. तेव्हा मर्यादा 28 लाखांची झाली होती. आमच्या उमेदवाराचा खर्च तेरा लाख आणि काही हजार. कागदावर.

त्या रजिस्टरात आमच्या डंपरांनी सभेला आणलेली माणसं नव्हती. आमच्या पंपावरच्या चिठ्ठ्यांवर भरलेलं डिझेल नव्हतं. ढाब्यावरची उधारी नव्हती. आणि मी नव्हते. माझा त्या महिन्याचा 14,000 पगार कंत्राटदारानं दिला आणि काम मी उमेदवाराचं केलं. म्हणजे खर्चाचं रजिस्टर लिहिणारी बाई हीच एक न दाखवलेली देणगी होती. हे मला लिहिता लिहिताच लक्षात आलं होतं. तरी मी पान उलटलं.

नंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले. 1969 साली कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली आणि 1985 साली ती उठली. मधली सोळा वर्षं पक्ष काही उपाशी राहिले नाहीत. अधिकृत दार बंद झालं तेव्हा मागच्या दारानं ये-जा करणाऱ्यांचं महत्त्व वाढलं, अण्णांसारख्यांची पिढीच त्यातून उभी राहिली असं मला वाटतं. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उमेदवारासाठी पक्षानं केलेला खर्चही त्याच्या मर्यादेत धरा. त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढून ते पुसून टाकलं. आजही उमेदवाराला मर्यादा आहे, विधानसभेला 40 लाख आणि लोकसभेला 95 लाख, पण पक्षाला कसलीही मर्यादा नाही. एका खिशाला चेन लावायची आणि दुसरा खिसा फाटका ठेवायचा, असला हिशेब मी कुठल्याही दुकानात पाहिला नाही.

म्हणून 2017 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी निवडणूक रोख्यांची घोषणा केली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. रोख देणगीची मर्यादा 20,000 वरून 2,000 वर आणली होती. रोखा म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचा, देणाऱ्याचं नाव नसलेला कागद. पैसे बँकेतून जाणार. मी मनाशी म्हटलं, आता अण्णांचं दुकान बंद होणार.

पण त्याच वर्षी वित्त कायद्यातून आणखी दोन बदल झाले, ते मला उशिरा कळले. कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अट गेली. म्हणजे तोट्यातली कंपनीही हवं तेवढं देऊ शकणार. आणि कुठल्या पक्षाला दिलं ते नफा-तोटा पत्रकात लिहायची सक्तीही गेली. मालकांच्या नफा-तोटा पत्रकावर आयुष्य घालवलेल्या बाईला हे दोन बदल वाचून काय कळायचं ते कळलं. नफा नसलेली कंपनी देणगी देते तेव्हा ते पैसे तिचे नसतात. आमच्या त्या पोटकंत्राटदाराचे होते तसेच ते असतात, दुसऱ्या कुणाचे, चेक फिरवून आणलेले. फरक एवढाच की त्यानं अडीच टक्के घेतले होते.

मग एप्रिल 2018 मध्ये ती बातमी आली. पूनम अग्रवाल या पत्रकार बाईंनी हजार-हजारांचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासून घेतले. रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा एक नंबर होता. अतिनील प्रकाशात धरला की उजव्या कोपऱ्यात दिसायचा. सरकारनं सांगितलं की तो बनावट रोखे ओळखण्यासाठी आहे.

मी पेपर खाली ठेवला. मला एसटीच्या तिकिटाच्या पाठीवरचे ते 407 आठवले.

त्या दिवसापासून हा विषय मला नीट कळला असं म्हणते. अण्णांच्या व्यवहारात नोंद नव्हती असं कधीच नव्हतं. नोंद पक्की होती. देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत, पेढीला माहीत. फक्त माझ्या वडिलांना माहीत नव्हती, ज्यांनी मत दिलं आणि ज्यांच्या दारातला रस्ता उखडला. अण्णांना त्यांचा टक्का मिळायचा तो पैसे नेण्याचा नव्हता, पैसे ड्रायव्हरही नेतो. तो टक्का माझ्या वडिलांना बाहेर ठेवण्याचा होता. आणि रोख्यांच्या योजनेनं नेमकं तेच काम कायद्यात बसवलं. कंपनीला माहीत आपण कुणाला दिलं, पक्षाला माहीत कुणाकडून आलं, सरकारी बँकेकडे दोन्हीची नोंद. मतदाराला तेवढं कळायचं नाही.

15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पीठावर होते. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, असं त्यांनी सांगितलं. रोखे विकणारी स्टेट बँक मग म्हणाली, आम्हाला 30 जूनपर्यंत वेळ द्या. 22,217 रोखे आहेत, खरेदीची माहिती एकीकडे आणि वटवल्याची दुसरीकडे, सगळं मुंबईच्या मुख्य शाखेत सीलबंद पाकिटांत ठेवलंय, जुळवायला वेळ लागेल. मला त्या दिवशी फार राग आला. मी मार्चएंडला दोन माणसांत हजारो व्हाउचरं जुळवली आहेत, तीही हातानं. न्यायालयानंही ऐकलं नाही. 11 मार्चला सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत द्या.

14 मार्चला आयोगानं याद्या संकेतस्थळावर टाकल्या. माझ्या भाच्यानं त्या लॅपटॉपवर उघडून दिल्या. एक यादी रोखे घेणाऱ्यांची, एक पक्षांची. पहिल्यात सगळ्यांत वर लॉटरीच्या धंद्यातली फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, 966 कोटी, माझ्याच क्षेत्रातली, बांधकामाची. तिसरी क्विक सप्लाय चेन, पत्ता नवी मुंबईचा, 410 कोटी. हे नाव मी तोपर्यंत कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं तुम्हीही नसेल. दुसऱ्या यादीत भाजपला सुमारे 6,060 कोटी, तृणमूल काँग्रेसला 1,609, काँग्रेसला 1,421. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षानं रोखे घेतलेच नव्हते, उलट तो न्यायालयात गेला होता, हे इथे नोंदवायला हवं.

पण दोन याद्यांत दुवा नव्हता. एका कागदावर नावे, दुसऱ्यावर जमा आणि मधला व्हाउचर नंबर गायब. अशी कीर्द मी मालकांपुढे ठेवली असती तर त्यांनी ती माझ्या अंगावर भिरकावली असती. न्यायालयानं पुन्हा खडसावलं, आणि 21 मार्चला नंबर आले. तोच नंबर. भाचा एक्सेलमध्ये जुळवत होता आणि मी शेजारी बसून ओळी वाचत होते. इकडचा नंबर, तिकडचा नंबर, जुळला. इकडचा, तिकडचा, जुळला. रात्री साडेबारापर्यंत आम्ही बसलो. कुणी कुणाला का दिले हे त्या ओळींवरून सिद्ध होत नाही, तसं म्हणणारही नाही. पण कुणी कुणाला दिले हे तरी माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या बाईला घरात बसून दिसलं. 2009 साली कुणी मला सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता रोखे गेले, पण 2013 च्या योजनेतले निवडणूक न्यास आहेतच. कंपन्या न्यासाला देतात आणि न्यासानं वर्षात जमलेल्यातले 95 टक्के पक्षांना वाटायचे असतात. त्यांचे अहवाल आयोगाकडे जातात, ते मी वाचते. देणाऱ्यांची नावं असतात, घेणाऱ्या पक्षांची असतात. कुणाचे कुणाला गेले ते तिथेही कळत नाही. पुन्हा दोन याद्या.

अण्णा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांचा मुलगा आता ते बघतो. खतांचं दुकान मोडून त्यानं बांधकाम सल्लागाराची पाटी लावली आहे. जीएसटी नंबर आहे, पैसे आरटीजीएसनं घेतो, ‘तांत्रिक सल्ला शुल्क’ म्हणून बिल देतो. दहाच्या नोटेची गरज त्याला पडत नाही.

माझ्या माहेरच्या रस्त्यावर 2023 च्या उन्हाळ्यात पुन्हा डांबराचं कारपेट टाकलं. फाट्यावर बोर्ड लावला, कामाचं नाव, रक्कम, दोषदायित्व कालावधी. गेल्या पावसात तो पुन्हा खडी ओकू लागला. वडील आता नाहीत. दिवाळीत भावाकडे गेले तेव्हा कडेला उकललेला एक पापुद्रा उचलला आणि घरी येऊन वडिलांच्या पट्टीनं मोजला. किती आला ते आत्ता लिहीत नाही, एका तुकड्यावरून कुणावर आरोप करायचा नाही. कागद बघायचे आणि मग बोलायचं.

म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला. सहा किलोमीटरची मोजमाप पुस्तिका, कोअर कापून केलेल्या जाडीच्या चाचण्यांचे अहवाल, डांबर खरेदीची मूळ चलनं, सगळ्याच्या साक्षांकित प्रती मागितल्या. काय मागायचं ते मला सांगावं लागत नाही, एकवीस वर्षं मीच ते कागद तयार करत होते. हजेरीपट मागायला विसरले नाही. अंगठे बघायचे आहेत.

परवा उत्तर आलं. एकूण 46 पानं, पानाला दोन रुपये, 92 रुपये भरा आणि प्रती घेऊन जा. उद्या सकाळी साडेसातची एसटी आहे.